शिक्षकाचे अनुभवलेखन : स्वगत आणि संवाद

ज्या व्यवसायांना आपण विद्याधिष्ठित म्हणतो त्या प्रत्येकाने आपला अनुभव साठवण्याची काही एक रीत निर्माण केली आहे. वैद्य रोग्याची हकीकत लिहून ठेवतो व दुर्मिळ आजार आढळल्यास तो इतर वैद्यांपुढे मांडतो. वकिलाला जुने निवाडे उपलब्ध असतात. स्थापत्यशास्त्रज्ञ कोसळलेल्या पुलाची चौकशी करतो आणि तिचे निष्कर्ष पुढील पूल बांधणाऱ्याच्या हाती पडतात. शिक्षकाचा व्यवसाय या बाबतीत चमत्कारिक अपवाद आहे. वाचन, लेखन आणि कथन ही ज्याची नित्याची साधने, तोच आपल्या नित्याच्या कामाविषयी आपल्या समव्यवसायी बंधुभगिनींसाठी फार थोडे लिहितो. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर शाल-श्रीफळ घेऊन तो घरी जातो, आणि मूल कोठे अडते, का अडते, कोणत्या शब्दाने सुटते याविषयी त्याने जमविलेले ज्ञान त्याच्याबरोबरच शाळेबाहेर पडते. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात येणारा तरुण शिक्षक श्रीगणेशापासून आरंभ करतो.

मराठीत शिक्षकांचे लेखन मुळीच नाही असा याचा अर्थ नव्हे. अहवाल आहेत, आठवणी आहेत, शैक्षणिक मासिके आहेत. प्रश्न आहे तो या लेखनाच्या घडणीचा. ते कोणाला उद्देशून लिहिले जाते, कोणत्या वाक्यरचनेत लिहिले जाते, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाच्या हाती त्यातून काय लागते, या तीन दृष्टींनी प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

१

प्रथम संकल्पनेविषयी. जॉन ड्यूई यांनी १९१० च्या ‘हाउ वी थिंक’ या ग्रंथात व त्याच्या १९३३ च्या सुधारित आवृत्तीत चिंतनशील विचाराचे जे विवेचन केले आहे त्याचा गाभा असा : चिंतनाचा आरंभ अडचणीत होतो. सर्व सुरळीत चालले असता मनुष्य सवयीने वागतो. वाट अडली म्हणजे तो थांबतो, पर्याय मांडतो व त्यांची परीक्षा करतो. पुढे १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथात कृती चालू असतानाचे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला. कुशल व्यावसायिकाचे बरेचसे ज्ञान त्याच्या कृतीत मुरलेले असते व त्याला स्वतःलाही ते सहजपणे शब्दांत सांगता येत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण आराखड्याने चिंतनशील शिक्षकाची कल्पना स्वीकारली, आणि आता प्रशिक्षण महाविद्यालयांतून चिंतन हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणास कारण वाटत नाही.

तथापि या रूढ वापरात एक उणीव राहून गेली आहे. चिंतन ही एकांतात करावयाची गोष्ट आहे, अशी समजूत मराठी शब्दाच्या छायेमुळे अधिकच दृढ होते. चिंतन म्हटले की डोळे मिटलेला मनुष्य आपल्यापुढे उभा राहतो. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७० च्या दशकात शिक्षक हाच संशोधक अशी भूमिका मांडली. त्यांच्या मते पद्धतशीर शोध हे संशोधनाचे एक अंग, आणि तो चारचौघांपुढे ठेवणे हे दुसरे. या दुसऱ्या अंगावाचून पहिले अपुरे. मनातल्या मनात केलेल्या विचाराला प्रतिवादी नसतो. तेथे आपण स्वतःलाच प्रश्न विचारतो व स्वतःच्याच सोयीची उत्तरे मिळवतो. सहकाऱ्यास सांगताना मात्र क्रम लावावा लागतो, गाळलेले भरावे लागते, आणि “म्हणजे नेमके काय झाले?” या प्रश्नास तोंड द्यावे लागते. तात्पर्य, सहकाऱ्यास सांगणे ही चिंतनानंतरची शिष्टाचाराची पायरी समजणे योग्य नाही. चिंतनाची परीक्षा त्या पायरीवरच होते.

२

आता मराठीतील प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. त्यातील सर्वांत विपुल प्रकार अहवालाचा. शाळेतील उपक्रमाचे कोणतेही वृत्त उघडावे. त्यात पुढील धाटणीची वाक्ये आढळतात : ‘वर्गात गटकार्य घेण्यात आले. अपूर्णांकांची संकल्पना साहित्याच्या साहाय्याने स्पष्ट करण्यात आली. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’

या वाक्यांचे व्याकरण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ‘-ण्यात येणे’ ही रचना मराठीच्या प्रशासकीय गद्यात पक्की रुजली आहे. तिच्यात कर्ता सांगण्याची सक्ती नाही. किंबहुना तो न सांगण्यासाठीच ती वापरतात. आदेश, सूचना आणि इतिवृत्ते यांत तिला स्थान आहे, कारण तेथे व्यक्तीपेक्षा अधिकारपद महत्त्वाचे असते. वर्गाच्या वर्णनात ती आली म्हणजे मात्र घटनेचा कणाच नाहीसा होतो. संकल्पना कोणी स्पष्ट केली? कोणत्या शब्दांत? स्पष्ट झाली हे कशावरून? वाक्य यांपैकी कशाचेही उत्तर देत नाही, आणि व्याकरणदृष्ट्या ते पूर्ण असल्यामुळे उत्तर राहिले आहे असेही वाचकास वाटत नाही.

याच घटनेचे दुसरे वर्णन शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते : ‘मुलांना अपूर्णांक कळले नाहीत.’ कळणे, समजणे, सुचणे, आठवणे ही मराठी क्रियापदे अशी आहेत की ज्याला कळते त्याला ‘-ला’, ‘-ना’ हे प्रत्यय लागतात. तो क्रिया करीत नाही, क्रिया त्याच्या ठायी घडते किंवा घडत नाही. त्यामुळे या वाक्यातही करणारा कोणीच उरत नाही. पाऊस पडला नाही, तसे मुलांना कळले नाही. पहिल्या वाक्याने शिक्षकास दृष्टिआड केले. दुसऱ्याने उणीव मुलांच्या पदरात टाकली.

तिसरे वर्णन असे होऊ शकते : ‘मी भाकरीचे चित्र काढून तिचे आधी चार व मग आठ भाग केले. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश, असे विचारले. बहुतेक मुलांनी एक अष्टमांश मोठा म्हटले. कारण विचारता एक मुलगी म्हणाली, “आठ चारापेक्षा मोठे ना!” मग पाव भाकरी आणि पावाच्या निम्मी भाकरी असे म्हणून पाहिले, तेव्हा तिने उत्तर बदलले. पण पाटीवर आकडे लिहिताच ती पहिल्या उत्तरावर परतली.’ या वर्णनात दुसऱ्या शिक्षकास उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. चूक कोणत्या जातीची आहे ते कळते : पूर्णांकांच्या क्रमाचा नियम मूल छेदाला लावीत आहे. कोणता उपाय चालला व कोठवर चालला तेही कळते : पाव, अर्धा, पाऊण या घरच्या शब्दांनी मुलीला आधार दिला, परंतु तो आधार लिखित चिन्हापर्यंत पोचला नाही. आणि एक प्रश्न उघडा राहतो. बोलीतल्या पावाकडून कागदावरच्या अपूर्णांकाकडे नेणारी पायरी कोणती? ज्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाउणकी पाठ केली त्यांना ही पायरी लागत होती काय? या प्रश्नाचा धागा दुसरा शिक्षक पुढे नेऊ शकतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दोष कर्मणी प्रयोगाचा नाही. ‘मी प्रश्न विचारला’ हेही कर्मणी वाक्यच आहे. त्यातील क्रियापद प्रश्नाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, बोलणाऱ्याच्या नव्हे. तरीही कर्ता तेथे नामनिर्देशाने उभा आहे. मराठीने शिक्षकास लपविलेले नाही. लपण्याची जागा अनेक जागांपैकी त्याने निवडली आहे. आपल्या भाषेत ‘प्रयोग’ हा शब्द व्याकरणात एका अर्थाने व अध्यापनात दुसऱ्या अर्थाने येतो. अध्यापनातील प्रयोगाचे वर्णन करताना व्याकरणातील कोणता प्रयोग स्वीकारला जातो, यावर त्या वर्णनाचे मूल्य पुष्कळसे अवलंबून असते.

३

दुसरा प्रकार आठवणींचा. येथे ‘मी’ भरपूर आहे. किंबहुना आवश्यकतेहून अधिक आहे. निवृत्त शिक्षकांच्या आत्मकथनांचा एक साचा वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. बदलीचे आडगाव, गळके छप्पर, विरोध करणारे व पुढे वश होणारे गावकरी, आणि वर्गातील तो एक व्रात्य मुलगा, जो वीस वर्षांनी मोठा अधिकारी होऊन भर बाजारात गुरुजींच्या पाया पडतो. या प्रसंगांत खोटे काही नाही, आणि त्यांतील कृतार्थतेची कोणी थट्टा करू नये. परंतु समीक्षकाने विचारावयाचे ते हे की, तो मुलगा वाचावयास कसा शिकला? जोडाक्षरे त्याला कोणत्या महिन्यात आली, कशाने आली? आठवणींत याचे उत्तर सहसा नसते. शेवट ठाऊक असलेल्या लेखकाला मधली चाचपडण क्षुल्लक वाटते. आणि शिकू पाहणाऱ्या शिक्षकाला नेमकी तीच हवी असते.

कादंबरीने या बाबतीत काय केले तेही पाहण्याजोगे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक हा औंध संस्थानातील धनगरवस्तीवर नेमलेला तरुण शिक्षक आहे. वस्ती, दुष्काळ आणि माणसे यांचे दर्शन त्या कादंबरीत जितक्या संयमाने घडते तितके मराठीत क्वचित घडले असेल. तालमीची इमारत उभी राहते, राजेसाहेब येतात, पुढे दुष्काळाने वस्ती उठते. वर्गातील अध्यापन मात्र तिच्यात पार्श्वभूमीला राहते. कादंबरीचे प्रयोजन वेगळे असल्यामुळे हा तिचा दोष ठरत नाही. पण एक गोष्ट तिच्यातून तीव्रतेने जाणवते : या मास्तरला सल्लागार कारभारी आहे, सोबतीला वस्तीवरची माणसे आहेत, फक्त दुसरा शिक्षक नाही. शाळा एकशिक्षकी आहे. अध्यापनाविषयी बोलावे असे त्याला वाटले असते, तरी बोलावयाचे कोणाशी?

एकशिक्षकी शाळेत हे एकाकीपण डोळ्यांस दिसते; मोठ्या शाळेत ते दिसत नाही इतकेच. डॅन लॉर्टी यांनी १९७५ च्या ‘स्कूलटीचर’ या अमेरिकी शिक्षकांच्या अभ्यासात शाळेला अंडी ठेवण्याच्या खोक्याची उपमा दिली आहे : कप्पे शेजारीशेजारी, पण एकाचा दुसऱ्याशी स्पर्श नाही. आपल्याकडील चित्र फारसे निराळे नाही. प्रशिक्षण महाविद्यालयात सरावपाठाच्या वेळी छात्राध्यापकाच्या पाठाला त्याचे सहाध्यायी मागील बाकावर बसून निरीक्षणवही भरतात. पदवी मिळाल्यानंतर त्याचा पाठ पाहणारा समव्यवसायी त्याला क्वचितच भेटतो. यापुढे त्याचा तास पाहावयास येतो तो अधिकारी, आणि त्याचे फलित म्हणजे शेरेबुकातील शेरा. सहकाऱ्याच्या निरीक्षणाची जागा अशा प्रकारे तपासणीने घेतली, आणि तपासणीला सामोरे जाताना मनुष्य अडचण सांगत नाही, झाकतो. टाचणवही व्यवस्थित असते, कारण ती दाखविण्यासाठी लिहिलेली असते. अहवालातील कर्तृहीन वाक्याचा उगम येथे शोधावा लागतो.

४

मराठीत तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे शिक्षकाने शिक्षकाशी केलेल्या लिखित संवादाचा, आरंभ अगदीच झाला नाही असे नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘शालापत्रक’ या शिक्षकवर्गासाठी चाललेल्या मासिकाचे संपादन केले, व संस्कृत कवींवरील त्यांचे सुप्रसिद्ध निबंध प्रथम त्यातच आले. मराठी समीक्षेचा एक उगम शिक्षकांच्या मासिकात आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि त्या निबंधांत कालिदास आहे, बाण आहे. कालिदास जेथे शिकविला जातो तो वर्ग नाही. विद्वत्तेचा विषय ग्रंथ असतो, वर्ग हा विद्वत्तेचा विषय होऊ शकत नाही, ही धारणा तेव्हापासून आपल्याकडे चालत आली आहे.

ती मोडण्याचा मोठा प्रयत्न गुजरातीत गिजुभाई बधेका व मराठीत ताराबाई मोडक यांनी केला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू झाले. पुढे ताराबाई तेथे गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीप्रमाणे मराठीतही निघू लागली. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेणारा एक कल्पित शिक्षक आपल्या वर्षाची कथा स्वतः सांगतो. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ फसतो, वर्गात गोंगाट होतो व मुलांना घरी सोडावे लागते. एका शिक्षणविषयक पुस्तकाचा आरंभ फसलेल्या तासाने व्हावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. परंतु हेही नोंदवले पाहिजे की अपयशाचे हे मोकळे कथन कल्पिताच्या आश्रयाने झाले आहे, आणि वर्षाअखेर तो शिक्षक यशस्वी होतो. पुस्तकाचे नावच लेखकाच्या जाणिवेची साक्ष देते. प्रत्यक्षातील शिक्षकाला असे नाव घेता येत नाही. त्याच्या तासाला खरे गाव आणि खरा दिनांक असतो.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील एका शब्दाचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावा. मुले बालवाडीत येत नाहीत, ही अडचण. ती ‘मुलांना शिक्षणाची आवड नाही’ अशा वाक्यात मिटवून टाकता आली असती. त्याऐवजी शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली, तेव्हा ‘कुरणशाळा’ हा शब्द आला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पसरला. हे घडले याचे कारण कोसबाडचे काम कोसबाडातच राहिले नाही. ते लिहिले गेले, प्रशिक्षणात सांगितले गेले, इतरांनी पाहिले व तपासले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन आठवणींच्या साच्यातून बरेचसे सुटले आहे तेही याच कारणाने. त्यातील ‘मी’ला सतत सहकारी आहेत. १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीला पाटील यांनी आपल्या शाळेतील कामाविषयी जे सातत्याने लिहिले त्याचे नातेही या परंपरेशी आहे. परंतु ही उदाहरणे बोटांवर मोजावी लागतात, आणि ती संस्था उभारणाऱ्या थोर व्यक्तींची आहेत. सामान्य शाळेतील सामान्य शिक्षकापर्यंत ही रीत पोचली नाही.

५

ती न पोचल्यामुळे काय हानी होते याचे एक अलीकडील उदाहरण घेऊ. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. परंपरागत नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा प्रकारचे वाचन पुस्तकात आले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण सांगितले : मराठीत एकविसापासून पुढे एककाचे नाव आधी व दशकाचे नंतर येते, लेखनात मात्र क्रम उलट असतो, आणि मूल गोंधळते. विरोधकांनी भाषेच्या परंपरेचा पक्ष घेतला. विधिमंडळात चर्चा झाली, वृत्तपत्रांत लेख आले, विनोदही पुष्कळ झाले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न खरा आहे. ‘सत्तावीस’ ऐकणारे मूल सात आधी ऐकते व कित्येकदा ७२ लिहिते. ‘एकोणतीस’ हे नाव तर तिसाचा उल्लेख करते व वीस मुळीच उच्चारीत नाही. परंतु ७२ लिहिणारी दोन मुले एकच चूक करीत असतात असे नाही. एक मूल श्रवणाच्या क्रमाने आकडे मांडते. त्याला काड्या मोजावयास दिल्या तर ते दोन गठ्ठे व सात सुट्या काड्या बरोबर देते. त्याला स्थानमूल्य समजले आहे, फक्त लेखनाची दिशा चुकते. दुसरे मूल सात गठ्ठे देते. त्याची अडचण मुळाशी आहे. पहिल्याला नावे बदलून कदाचित लाभ होईल. दुसऱ्याला केवळ नावे बदलून काय मिळेल हा प्रश्नच आहे. कोणत्या प्रकारची मुले किती, नवे वाचन कोणास उपकारक, घरी आजी ‘सत्तावीस’ म्हणते व शाळा ‘वीस सात’ म्हणते तेव्हा मूल काय करते, याचे ज्ञान ज्यांच्यापाशी असू शकते असा एकच वर्ग आहे : पहिली-दुसरीला शिकविणारे शिक्षक. त्या वादात त्यांच्या वर्गांतील नोंदी चर्चेच्या केंद्रस्थानी दिसल्या नाहीत. नोंदी लिहिलेल्या आणि एकमेकांशी ताडून पाहिलेल्या असत्या, तर वाद परंपरा विरुद्ध सुधारणा असा न होता मुलांच्या प्रत्यक्ष चुकांविषयी झाला असता. शिक्षक गप्प राहिला म्हणजे त्याच्या वर्गाविषयी दुसरे बोलतात. आणि ते मोठ्याने बोलतात.

६

मग सहकाऱ्यास उद्देशून लिहिलेले टिपण कसे असावे? वरील विवेचनातून त्याची तीन लक्षणे निघतात. पहिले, त्यात करणारा दिसावा आणि कृती इतकी नेमकी सांगावी की दुसऱ्यास ती करून पाहता यावी. दुसरे, मुलाचे बोलणे त्याच्याच शब्दांत यावे. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाने चूक केली एवढेच टिपणे पुरेसे नाही. त्याच्या बोलीत न आणि ण हा भेद आहे काय, तो ‘पाणी’ ऐकतो तेव्हा त्याला दोन निरनिराळे ध्वनी ऐकू येतात काय, हे त्याच्या उच्चारावाचून कळणार नाही. प्रमाणलेखनात शुद्ध करून दिलेले मुलाचे वाक्य हा पुरावा नष्ट करते. तिसरे, टिपणाच्या शेवटी न सुटलेला प्रश्न असावा. ज्या टिपणात सर्व सुटले आहे त्याला सहकाऱ्याने उत्तर तरी काय द्यावयाचे? तो ‘अभिनंदन’ म्हणतो आणि संवाद तेथेच संपतो.

आज अंतराची अडचण पूर्वीसारखी उरलेली नाही. दुर्गम वस्तीवरील शिक्षकही खिशातील यंत्राने शेकडो शिक्षकांशी क्षणात जोडला जातो. बनगरवाडीच्या मास्तरला जे मिळाले नाही ते त्याला सुलभ आहे. परंतु साधन बदलले म्हणून साचा बदलतोच असे नाही. त्या यंत्रावरून परिपत्रके येतात, मागविलेली माहिती जाते, उपक्रमांची छायाचित्रे फिरतात. छायाचित्रात मुले रांगेने बसलेली व हसरी असतात. मागच्या बाकावरच्या मुलीला काय अडले ते त्यात दिसत नाही. शिवाय ज्या गटात सहकाऱ्यांबरोबर वरिष्ठही वाचक आहेत तेथे लिहिलेले प्रत्येक वाक्य नकळत अहवालाच्या भाषेकडे सरकते. म्हणून अशा संवादाची पहिली अट साधनाची नसून वाचकांच्या वर्तुळाची आहे. सांगितलेली अडचण शेऱ्यात रूपांतरित होणार नाही, याची हमी असल्यावाचून कोणी ती सांगणार नाही, आणि न सांगणाऱ्यास भित्रा म्हणण्याचा अधिकारही आपणास नाही.

जपानमधील पाठ-अभ्यासाची परंपरा येथे मार्गदर्शक ठरावी. तिची मुळे मेजी काळापर्यंत जातात, आणि १९९९ मध्ये स्टिग्लर व हीबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ या ग्रंथामुळे ती पाश्चात्त्य जगात विशेष परिचित झाली. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतील एक जण तो शिकवितो, इतर जण वर्गात उभे राहून मुलांचे निरीक्षण करतात, आणि नंतर सर्वजण चर्चा करतात. पाठ सर्वांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तरी एकट्या शिकविणाऱ्याचा पराभव होत नाही. चर्चेचा विषय पाठ असतो, शिक्षक नसतो. आपल्याकडे केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. त्यांतील सूचनांचा वेळ थोडा आवरून असा एकच पाठ प्रत्येक वेळी पाहिला गेला, तरी पुष्कळ साधेल.

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. कागदपत्रांनी आधीच वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक वही लादावयाची काय? आक्षेप यथार्थ आहे, आणि म्हणूनच हे लेखन सक्तीचे करू नये. चिंतनाचा तक्ता भरून मागविला की दुसऱ्या दिवशी चिंतन ‘करण्यात येते’. पंधरवड्यातून अर्धे पान, तेही इच्छेने, इतकेच पुरे. दुसरा आक्षेप मुलांच्या प्रतिष्ठेचा. मुलाची चूक ही त्याची खाजगी गोष्ट आहे; तिचे टिपण करताना त्याचे नाव आणि ओळख गाळलीच पाहिजे, व जे वाचून मूल किंवा त्याचे आईवडील लज्जित होतील ते लिहू नये. तिसरा आक्षेप विद्वानांचा : एका वर्गातील एका तासाचे वर्णन म्हणजे किस्सा, ते ज्ञान कसे? उत्तर असे की एकटे टिपण किस्साच असते. दुसऱ्या शाळेतील शिक्षिका जेव्हा लिहिते की पाव भाकरीचा उपाय माझ्या वर्गात चालला नाही, कारण माझ्या मुलांना ‘पाव’ म्हटल्यावर बेकरीतला पाव आठवला, तेव्हा पहिल्या टिपणाची मर्यादा कळते. किश्श्याचे ज्ञानात रूपांतर होण्याची वाट दुसऱ्या किश्श्यावरून जाते. ही वाट बंद ठेवून किस्सा म्हणून हिणविणे न्याय्य नव्हे.

७

हे सर्व प्राथमिक शिक्षकांना सांगून विद्यापीठातील अध्यापकाने आपली सुटका करून घेऊ नये. विभागांच्या बैठकींत अभ्यासक्रमाची वाटणी होते, परीक्षांचे वेळापत्रक ठरते. एखाद्या तासात काय घडले याची चर्चा सहसा होत नाही. शोधनिबंध समव्यवसायींच्या परीक्षणास पाठविण्यात आपणास संकोच वाटत नाही, परंतु व्याख्यानाला सहकारी येऊन बसला तर वाटतो. वस्तुतः आपल्या वर्गांतही शोधण्याजोगे बरेच आहे. ‘शास्त्र’ या शब्दात ध्वनी किती, असे पदव्युत्तर वर्गात विचारले म्हणजे अनेक विद्यार्थी अक्षरे मोजून दोन म्हणतात. लिपीने घडविलेली ही सवय कोणत्या उदाहरणाने सुटते? विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा करणारा ‘जग’ यांच्या आरंभीच्या ध्वनींत भेद आहे. तो दाखविताना ज्या विद्यार्थ्याच्या बोलीत हा भेद तसाच नाही त्याला आपण काय सांगतो? अज्ञानी ठरवितो, की त्याच्या बोलीलाच पुरावा म्हणून फळ्यावर स्थान देतो? नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि गोवा येथील मराठी विभागांतून हा एकच पाठ कसा चालतो याची अर्ध्या-अर्ध्या पानाची टिपणे एकत्र आली, तर अध्यापनाबरोबर बोलीविज्ञानालाही उपयोगी सामग्री मिळेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाकाठी पन्नास तासांची अपेक्षा ठेवली आहे. ते तास व्याख्याने ऐकण्यात जातील, की एकमेकांचे वर्ग समजून घेण्यात, हे ठरविणे काही अंशी तरी आपल्या हाती आहे. या पत्रिकेसारख्या विभागीय प्रकाशनांनी शोधनिबंधांच्या शेवटी अशा टिपणांसाठी दोन पाने राखून ठेवावीत, आणि त्यांची परीक्षा एकाच कसोटीने करावी : हे वाचून दुसरा अध्यापक उद्याच्या तासाला काही वेगळे करून पाहू शकेल काय, आणि त्याचे काय झाले ते कळवू शकेल काय? ज्या टिपणाला असे उत्तर येईल ते संवाद ठरेल. बाकीचे, भाषा कितीही सुंदर असली तरी, स्वगतच राहील.